दोन दारांची घुटी

आमच्या गावात तान्ह्या लेकराला घुटी द्यायची तर आईला दोन दारं करावी लागत. आधी रखमाकाकूचं दार. तिथून वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जे लागेल ते मागून घ्यायचं. मग शेजारचं जनाकाकूचं दार. तिथं सहाण होती. दोन्ही घरांमधली भिंत इतकी पातळ की इकडं कुणी खोकलं तर तिकडं कळे. तरी रखमाकाकूनं कधी कुणाला घासून दिलं नाही आणि जनाकाकूनं कधी कुणाला औषधाची मुळी दिली नाही. बाहेरगावच्या नव्या सुना पहिल्यांदा हसत. मग त्याही लेकरू कडेवर घेऊन दोन दारं करू लागत.

परवा गावचा एक माणूस कचेरीतल्या तारखेसाठी शहरात आला होता. तो हॉस्टेलवर मला भेटून गेला. उठता उठता म्हणाला, जनाकाकू गेली. त्याला वाटलं मला ठाऊक असेल. तो गेल्यावर मी पुस्तक बाजूला सारून लिहायला बसलो.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेला मी पहिलाच. इथं सगळं शिक्षण उर्दूतून चालतं, त्यामुळं मराठी लिहायची म्हटली की हात अडखळतो. पण जनाकाकूबद्दल उर्दूत लिहायला घेतलं तर ती मला परकीच कोणी वाटू लागली. म्हणून हे जमेल तसं मराठीत लिहितो आहे.

ती आमची सख्खी कुणी नव्हती. समोरचं घर एवढंच नातं. तिचा नवरा आणि रखमाकाकूचा नवरा हे सख्खे भाऊ. दोघांचा मिळून वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि बाजारहत्नूरच्या बाजाराला त्यांची भाजी जाई. वाटणी झाली तरी विहीर एकच राहिली. दोघे भाऊ मोटेच्या पाळ्या न भांडता वाटून घेत आणि दुपारी एकाच बाभळीखाली विडी ओढत बसत. भांडण होतं ते त्यांच्या बायकांचं.

जनाकाकू उंच, हाडापेरानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी होती. मळ्यातल्या कामानं हात खरबरीत झालेले, पण उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मात्र मऊ, धुऊन ठेवल्यासारखं. ते घुटीचं बोट. त्या बोटानं ती मिरची तोडत नसे, मीठ घेत नसे, कुंकू लावत नसे. भाकरी थापताना ते बोट वर उभं राही. जेवताना बाकीची बोटं कामाला आणि हे एकटं बाजूला, पाहुण्यासारखं. भांडतानासुद्धा ती ते बोट कुणावर रोखत नसे. रखमाकाकूच्या नावानं ओरडायचं झालं तर कोपरानं भिंत दाखवी. आम्ही पोरं तिची नक्कल कोपर पुढं करूनच करायचो.

लेकरू दारात आलं की ती आधी त्याच्याकडं बघतच नसे. आईला विचारी, "हिरवं का पिवळं?" आई लाजली तर म्हणे, "तोंड सांगत नाही, लंगोट सांगते. बोल." मग पोटावर हात फिरवून, टाळू चाचपून, आईनं आणलेल्या मुळ्या ओळीनं मांडी. आईच्या दुधाचे थेंब सहाणेवर पडले की घासणं सुरू. मुरडा असेल तर मुरडशेंगेचे वळसे जास्त, खोकला असेल तर काकडशिंगीचे, पोट फुगलं असेल तर वेखंड आणि डिकेमाली. जायफळ मात्र नावाला टेकवी. झोपेसाठी जायफळ मागणाऱ्या आईला ती म्हणायची, "लेकराले झोप पाह्यजे का तुले?" उन्हाळ्यात अंगावर उष्णता उठलेल्या पोरांना पळसाच्या फुलांच्या पाण्यानं आंघोळ घाली. आम्ही केशरी होऊन घरी जायचो.

तिचं हे विचारणं आम्ही मोठे झालो तरी सुटलं नाही. पहिल्या वर्षी मी सुट्टीत घरी आलो, तेव्हा ओट्यावर चार मोठी माणसं बसली होती. पाटील मला शहरातल्या कॉलेजाबद्दल विचारत होते आणि मी जरा तोऱ्यात सांगत होतो. तेवढ्यात समोरून तिचा आवाज आला, "पोट साफ होते का गा तिथं?" त्यानंतर कॉलेजाचं कुणी काही विचारलं नाही.

तिला मूल नव्हतं. पण तिच्या सहाणेवरची घुटी चाटलेलं प्रत्येक पोर तिच्या हिशेबी तिचं होतं. "हे माह्या दगडाचं लेकरू" असं ती सगळ्यांसमोर आईलाही ऐकवी. सगळ्यात नवं लेकरू असेल ते तिचा राजा. नवा राजा आला की जुना खाली. तेल्याची चंद्री जन्मली तेव्हा मी खाली उतरलो असं माझी माय सांगते. म्हणे, मी काकूच्या ओट्यावर जाऊन चंद्रीच्या दुपट्यावर बसलो आणि उठेचना. ते मला आठवत नाही. पण त्यानंतरची एक गोष्ट आठवते, कारण तिचा हेवा मला पुष्कळ वर्षं पुरला.

तो हेवा महादूचा. महादू रखमाकाकूचा थोरला, माझ्याच वयाचा. आम्ही सगळी पोरं जनाकाकूच्या ओट्यावर हुंदडायचो. महादू तेवढा यायचा नाही, त्याला बंदी होती. तो आपल्या उंबऱ्यावर बसून आमच्याकडं बघायचा. आणि मी हे पाहिलं होतं, की काकू आमच्या हातावर गूळ ठेवतानाही बघायची ती तिकडं. आम्ही पडलो तर ती "उठ" म्हणायची. तिकडं महादू नुसता ठेचकाळला तरी तिच्या हातातलं भांडं वाजे. तिचं बोट आमच्या वाट्याला आलं होतं, डोळे मात्र महादूच्या. मला वाटे, याला हिनं एक थेंब घुटी दिली नाही, हा हिच्या दगडाचा नाही, मग याच्यासाठी काऊन?

ही बंदी वाटणीच्या दिवसाची. त्या दोघींची सासू पंचक्रोशीत घुटीसाठी नावाजलेली होती. तिनं दोन्ही सुनांना सगळं शिकवलं आणि आपल्यामागं घुटी कुणी द्यायची ते न सांगता मरून गेली. वाटणीत भांडी, बैल, वाफे सगळं सरळ झालं. सहाण आणि मुळ्यांचं गाठोडं यांवर दोघी अडल्या. मी ऐकलं आहे ते असं, की पंच दिवसभर बसून कंटाळले होते. शेवटी पाटील हसून म्हणाले, दगड थोरलीला, गाठोडं धाकटीला, आता बसा. त्यांना वाटलं, चार दिवसांत दोघी आपसूक एकत्र येतील. पण तेवढ्यात जनाकाकू बोलून गेली, की गाठोडं कुणाकडंही जावो, महादूला बोट मीच लावीन. महादू तेव्हा तान्हा, रखमाकाकूच्या मांडीवर. रखमाकाकूनं त्याला पदराखाली घेतलं आणि सगळ्या पंचांसमोर म्हणाली, "माह्या लेकराले वांझेचं बोट लागू देनार नाही."

पंच उठून गेले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींचं नाव घेईनात. ही तिला "पलीकडची" म्हणे, तीही हिला "पलीकडची" म्हणे. रखमाकाकू आपल्या लेकरांची घुटी पाट्यावर घासू लागली. पाटा मसाल्याचा, कितीही धुतला तरी मिरचीचा अंश राहायचाच. महादू आणि त्याची भावंडं रागीट निघाली, ती पाट्यावरच्या घुटीनं, असं गाव म्हणायचं.

मोठा झाल्यावर मला एक प्रश्न पडला. आदिलाबादच्या बाजारात सहाण मिळत होती. तिथंच अत्ताराच्या दुकानात वेखंडापासून काकडशिंगीपर्यंत सगळं मिळत होतं. मग इतकी वर्षं एकीनं दगड का घेतला नाही आणि दुसरीनं मुळ्या का घेतल्या नाहीत? एकदा शाळेसाठी आदिलाबादला जाताना मी जनाकाकूला विचारलंही, की तुला मुळ्यांचं गाठोडं आणून देऊ का, म्हणजे बायांना दोन दारं नकोत. ती सूप पाखडत होती. पाखडणं न थांबवता म्हणाली, "आन मंग पलीकडं काय चाललं, थे मले कोन सांगन?"

मग माझ्या लक्षात आलं. बाया आधी रखमाकाकूच्या दारी जात, तिथं मुळ्या निघेपर्यंत बसत, आणि मग इकडं येत. येताना महादू तापला आहे, महादूला शाळेत मास्तरनं मारलं, महादूची सोयरीक बेज्जूरकडं ठरते आहे, असं काहीबाही घेऊन येत. काकू विचारत नसे. फक्त घासणं हळू करी. ज्या बाईकडं बातमी असे, तिच्या लेकराची घुटी फार वेळ घासली जाई. हे कळल्यावर तरी माझा हेवा कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाढला.

एकदा दौऱ्यावर आलेल्या गिर्दावरांचं, म्हणजे महसुलाच्या साहेबांचं, बिऱ्हाड गावात उतरलं होतं. त्यांच्या बेगमेचं लेकरू पोटशूळानं रडून रडून निळं व्हायला आलं. शिपाई जनाकाकूला बोलवायला आला. ती गेली नाही, म्हणाली सहाण उंबरा ओलांडत नाही, लेकराला आणा. बेगम बुरख्यात आली. काकूनं तिला पलीकडच्या दाराकडं पाठवलं. बेगम वैतागून म्हणाली, "मांजी, एक ही जगह नहीं होता?" काकूला उर्दू बेताचीच यायची. ती म्हणाली, "होता नहीं. वो दार पहले, ये दार बादमें. बडे साहब का लेकरू हुआ तो क्या हुआ." बेगम दोन दारं करून आली. लेकरू काकूच्या मांडीवरच झोपलं, आणि जाईपर्यंत ते तिचा राजा होतं.

सगळीच लेकरं वाचत नसत, हेही लिहायला हवं. डांग्या खोकला बळावला किंवा आकडी आली, तर ती स्वतःच गाडी जुंपायला लावी आणि आदिलाबादच्या दवाखान्यात धाडी. तरी काही जात. आपल्या दगडाचं लेकरू गेलं की ती सहाण पालथी घालून ठेवी. ती पुन्हा उताणी होईपर्यंत कुणी तिच्याशी बोलत नसे. तशा दिवसांत भिंतीपलीकडं रखमाकाकूही आपलं गाठोडं खुंटीला टांगून ठेवी. तिला कुणी सांगितलेलं नसे. भिंत पातळ होती, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात मी घरी होतो. महादूची बायको गिरजा पहिलं बाळंतपण माहेरी करून, पाच-सहा महिन्यांची पोर घेऊन परत आली होती. गिरजा बेज्जूरकडची, प्राणहितेच्या काठची. तिच्या बोलण्यात अर्धे शब्द तेलुगू. पोरीला दात यायला लागले आणि त्यातच हगवण सुरू झाली. उन्हाचे दिवस. भिंतीपलीकडून पाट्यावर घासल्याचा आवाज येई, मग पोरीचं कळवळून रडणं, मग थुंकणं. जनाकाकू इकडं बसून ऐके. मी तिच्या ओट्यावर वाचत बसलो होतो. ती स्वतःशीच म्हणाली, "जीभ पोळून राह्यली तिची. पाट्यावर मिरची वाटली असन सकाळी."

त्याच दुपारी गिरजा पोरीला घेऊन सरळ इकडच्या दारात आली. एकच दार करून. म्हणाली, "पेद्दत्ता, हिच्याकडं पाहा ना." पेद्दत्ता म्हणजे थोरली सासू. जनाकाकूला आजवर कुणी सासू म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता ती पोरीला ओढूनच घेईल. जन्मभर जे मागितलं ते स्वतःच्या पायांनी दारात आलं होतं. पण तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"हिरवं का पिवळं?"

"पाणीच. हिरवं."

"कुड्याची पाळ पाह्यजे. पलीकडं हाय. सासूले इचारून घेऊन ये."

गिरजा म्हणाली, ती साल सासूबाई देणार नाहीत. काकू म्हणाली, मग मीही लावणार नाही. गिरजा रडत गेली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून होती.

समोरून माझी माय हे सगळं बघत होती. ती आली आणि काकूला फार बोलली. लेकरू चाललं आणि तुला मान पाहिजे का, असंच विचारलं तिनं. जनाकाकू शांत होती. तिला इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती.

"मान नाही व. आज मी बोट लावलं आन उद्या काई झालं, त वांझेच्या बोटानं गेली म्हनतीन. थे पलीकडची म्हनन, म्हनू दे. पन महादू म्हनन."

 काकूनं सहाण धुतली, समोर ठेवली आणि बसून राहिली. भिंतीपलीकडं पुन्हा घासणं, पुन्हा रडणं. ऊन उतरत गेलं तसं रडणं बारीक होत गेलं. मग थांबलं. रडणं थांबलं तशी काकू उठली.

तिनं सहाण छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला. साहेबाच्या बायकोसाठीही जो दगड हलला नव्हता, तो घेऊन ती भर गल्लीतून पलीकडच्या दारात गेली. मी मागोमाग गेलो. आत पोर झोळीत निपचित होती आणि महादू झोळीची दोरी धरून उभा होता. काकूनं आत पाहिलं नाही. सहाण रखमाकाकूच्या उंबऱ्यावर ठेवली.

"याच्यावर घास. बोट तुहंच लाव. माह्यं नको."

आणि ती परत आली. महादूनं तिला हाक मारली की नाही, मला नक्की आठवत नाही. मारली असेल तर तिनं ऐकली नाही.

पोर वाचली. महादू दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यातून औषधाची बाटलीही घेऊन आला होता. तेव्हा गुण कुड्याच्या पाळीचा, बाटलीचा की पोरीच्या नशिबाचा, ते मी सांगू शकत नाही. पण सहाण तिकडंच राहिली. आता दगड आणि गाठोडं एकाच घरात होतं. बाया लेकरं घेऊन येत, रखमाकाकूच्या दारी जात आणि तिथूनच परत फिरत. जनाकाकू आपल्या दारात बसलेली असे. एखादीच्या कडेवर नवं तान्हं दिसलं की उठून आत जाई. बातमी आणायलाही आता कुणी येत नव्हतं. माय म्हणाली, जा आणि माग तुझा दगड. काकू म्हणाली, "लेकरू धरू दे जरा अंग. मंग पाहू." ती मिरच्या तोडायला रोज मळ्यात जाई, आणि मी पाहिलं, तोडताना ते बोट अजूनही उभंच होतं.

मी शहराला परत निघालो त्या सकाळी गाडी जुंपलेली होती. इच्चोड्याला जाऊन मोटर धरायची होती. मी जनाकाकूच्या पाया पडलो. तिनं माझ्या पोटाची चौकशी केली, आणि तेवढ्यात तिची नजर माझ्या मागं गेली. रखमाकाकू येत होती. एका हातावर सहाण, दुसऱ्या कडेवर नात. वाटणीनंतर या दारात तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. ती उंबऱ्यापाशी थांबली, वाकून सहाण खाली ठेवली आणि म्हणाली, "धुवाची राह्यली."

रखमाकाकू पळीसुद्धा न धुता ठेवणारी बाई नव्हे. मी सहाणेकडं पाहिलं. मधल्या खळग्यात घुटी होती, एका चाटणापुरती, नुकतीच घासलेली, ओली.

 जनाकाकू सहाणेकडं बघत होती. रखमाकाकू गेली नाही. तिनं कडेवरची पोर या हातावरून त्या हातावर घेतली, तिचं तोंड इकडं आलं. मग गल्लीकडं पाहत, कुणाला तरी तिसऱ्यालाच सांगावं तसं म्हणाली, "दात आले तिले. चावते."

"चावू दे," जनाकाकू म्हणाली.

बाबा गाडीतून हाका मारत होते. मला चढावं लागलं. बैल हलले. मी मागं तोंड करून ट्रंकेवर बसलो होतो, म्हणून मला दिसलं. जनाकाकू खाली बसली होती. तिनं ते बोट खळग्यात फिरवलं, फार हळू, जशी बातमी असलेल्या बाईसाठी फिरवत असे. पोर रखमाकाकूच्या हातातून पुढं झुकली होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

जनाकाकूला मी पाहिलं ते तेवढंच, शेवटचं. गाडी वळेपर्यंत मी बघत होतो. ज्या दगडाची घुटी मी चाटलो त्याच दगडाची घुटी ती पोर चाटत होती, तेच बोट, तोच ओटा. पण या वेळी काकूचे डोळेही तिच्याकडंच होते. मला त्या पोरीचा फार हेवा वाटला. अजून वाटतो.